एला, लुई आणि अकरा जुनी गाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी या शाळेत मराठी शिकलो. पोर्तुगीज अमदानीची ती अखेरची वर्षे होती. गुरुजी कविता शिकवीत नसत, ते ती म्हणत असत. चालीवर, मोकळ्या गळ्याने, दोन-तीन वेळा. शब्दार्थ, अलंकार, मध्यवर्ती कल्पना हे सारे दुसऱ्या दिवशी. पुढे मी स्वतः पस्तीस वर्षे महाविद्यालयात कविता शिकविली, समीक्षेचे पुष्कळ ग्रंथ वाचले, प्रबंध लिहिला. पण कविता आधी कानात शिरली पाहिजे हा गुरुजींचा धडा कोणत्याही ग्रंथाने खोडून काढला नाही. म्हणूनच संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली तेव्हा मी अशा एका गोष्टीविषयी बोलायचे ठरविले, की जी केवळ कानाने घ्यायची आहे. आपल्यापैकी अनेकांची अपेक्षा ज्ञानेश्वरीची किंवा बोरकरांच्या कवितेची असणार, याची मला जाणीव आहे. मी मात्र आज एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेविषयी बोलणार आहे. तिचे नाव 'एला अँड लुई'. साल १९५६. गायिका एला फिट्झजेराल्ड. तिच्या जोडीला गायक आणि ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग. साथीला चार वादक. आणि अकरा प्रेमगीते, जी त्या वेळीही बहुतेक जुनीच झाली होती.

'जुनी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जाझच्या परिभाषेत अशा गाण्याला 'स्टँडर्ड' म्हणतात. साधारणपणे १९२० ते १९५० या तीन दशकांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीसाठी आणि हॉलिवूडच्या बोलपटांसाठी असंख्य गाणी लिहिली गेली. त्यांतील बहुतेक नाटके आणि कित्येक चित्रपट आज कोणाला आठवत नाहीत. गाणी मात्र मूळ प्रसंगापासून सुटी झाली आणि गायकांच्या, वादकांच्या हाती पडली. 'एप्रिल इन पॅरिस' हे गाणे १९३२ च्या 'वॉक अ लिट्ल फास्टर' या रंगमंचीय कार्यक्रमातले. तो कार्यक्रम काळाच्या उदरात गेला; गाणे नव्वद वर्षांनंतरही गायले जाते. गोव्यातल्या श्रोत्यांना ही प्रक्रिया समजावून सांगण्याची गरज नाही. मंगेशीच्या दीनानाथांनी आणि पुढे त्याच गावच्या अभिषेकीबुवांनी नाट्यपदाचे जे केले तेच हे आहे. 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले. आज त्याचे संवाद पाठ असलेला माणूस शोधावा लागेल, पण पदे मैफलीत रुजली आहेत. नाटक ही त्या पदांची जन्मभूमी खरी, पण त्यांचा संसार पुढे मैफलीत झाला.

या गाण्याचा साचा साधा असतो. सामान्यतः बत्तीस आवर्तने, प्रत्येकी चार मात्रांची. आठ आवर्तनांचा मुखडा, मग तीच चाल वेगळ्या शब्दांत, मग चाल पालटून अंतरा, आणि पुन्हा मुखडा. एवढ्याशा जागेत सारे काही सांगून व्हायचे असते. ख्यालाच्या बंदिशीत जसे चार ओळींचे शब्द असतात आणि गवई त्यांतून तासाभराचा राग उभा करतो, तसे काहीसे येथे घडते. फरक इतकाच की बंदिशीच्या शब्दांकडे आपले अनेक गवई दुर्लक्ष करतात, आणि या गाण्यांत शब्द हेच अर्धे भांडवल आहे. ते लिहिणारे आणि त्यांना चाली देणारे लोकही मोठे विलक्षण. या ध्वनिमुद्रिकेतील दोन गाणी अर्व्हिंग बर्लिनची आहेत. रशियन साम्राज्यातून १८९३ साली पाच वर्षांचा मुलगा म्हणून तो न्यूयॉर्कला आला. त्याला स्वरलिपी धड वाचता येत नसे आणि पियानो तो मुख्यतः काळ्या पट्ट्यांवरच वाजवी. त्या माणसाने 'चीक टू चीक' रचले, आणि तेही बत्तीस आवर्तनांचा साचा झुगारून तब्बल बहात्तर आवर्तनांचे. 'एप्रिल इन पॅरिस'ची चाल बांधणारा व्हर्नन ड्यूक हाही मूळचा व्लादिमिर दुकेल्स्की, रशियातून आलेला. अमेरिकेचे म्हणून जे प्रेमगीत जग ओळखते, त्याचा फार मोठा भाग अशा स्थलांतरितांनी आणि त्यांच्या मुलांनी लिहिला, आणि त्याला गळा दिला तो गुलामांच्या वंशजांनी. हे ध्यानात ठेवले की पुढच्या काही गोष्टी समजणे सोपे जाते.

आता ध्वनिमुद्रणाचा दिवस. १६ ऑगस्ट १९५६, हॉलिवूडमधील कॅपिटॉल कंपनीचा स्टुडिओ. आदल्याच रात्री एला आणि लुई दोघेही हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावरच्या मोठ्या जाझ-जलशात गायले होते. दुसऱ्या दिवशी एकाच दिवसात ही अकरा गाणी मुद्रित झाली. निर्माता होता नॉर्मन ग्रान्झ. त्याने त्याच वर्षी 'व्हर्व्ह' नावाची कंपनी काढली होती, आणि ती काढण्यामागे एलाच्या गाण्याला योग्य घर मिळावे हा मुख्य हेतू होता. एला तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. लुई पंचावन्नचा, स्वतःच्या समजुतीप्रमाणे छप्पनचा. आपला जन्म ४ जुलै १९०० चा असे तो जन्मभर सांगत आला. त्याच्या मृत्यूनंतर न्यू ऑर्लीन्सच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद सापडली, तिच्यात जन्मतारीख ४ ऑगस्ट १९०१ अशी आहे. आपल्याकडे शाळेत घालताना मास्तर लोक जन्मतारीख लावून देत, तसलाच हा प्रकार.

साथीदारांत पियानोवर ऑस्कर पीटरसन, गिटारवर हर्ब एलिस, बासवर रे ब्राऊन आणि ड्रम्सवर बडी रिच. ही नावे ज्यांना अपरिचित आहेत त्यांच्यासाठी सांगतो, की पीटरसन हा त्या काळातला सर्वांत वेगवान बोटांचा पियानोवादक मानला जाई, आणि बडी रिच हा ड्रम्सवर अक्षरशः वादळ उठविणारा माणूस. या दोघांनी ठरविले असते तर गायकांना खाऊन टाकले असते. साथीला बसलेल्या तबलजीने समेआधी तिहाया घालून टाळ्या घेण्याचे प्रकार आपण सारेच जाणतो. येथे बडी रिच बहुतेक वेळ तारांच्या झाडूसारखे ब्रश ड्रमच्या चामड्यावर फिरवीत बसला आहे. पावसाची झिमझिम ऐकू यावी तसा. पीटरसन गायकाच्या दोन ओळींच्या मध्ये जी फट राहते तेवढीच भरतो, आणि ओळ सुरू झाली की हात आवरतो. रे ब्राऊन हा एलाचा पूर्वाश्रमीचा पती. त्यांचा विवाह १९४७ सालचा, घटस्फोट १९५३ चा. तीन वर्षांनंतर तो तिच्या प्रेमगीतांना खर्जाचा आधार देत उभा आहे, आणि त्या आधारात कोठेही कसर नाही. याहून अधिक काही या बाबतीत बोलणे सभ्यपणाचे होणार नाही.

एक तांत्रिक बाबही नोंदविली पाहिजे. १९४८ साली दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आली. त्यापूर्वी गाणे म्हणजे तीन मिनिटांचा कारभार. आपल्याकडील भावगीताचा आटोपशीर घाट हाही बराचसा त्या जुन्या तबकडीनेच ठरविला आहे. दीर्घ तबकडीवर एकेका गाण्याला पाच-सहा मिनिटे देणे शक्य झाले. त्यामुळे एकाने संपूर्ण गाणे म्हणावे, मग दुसऱ्याने तेच गाणे पुन्हा आपल्या पद्धतीने म्हणावे, आणि शेवटी दोघांनी ते वाटून घ्यावे, इतकी ऐसपैस जागा मिळाली. या ध्वनिमुद्रिकेचे सारे मर्म या जागेत आहे. कारण एकच शब्द, एकच चाल, आणि दोन गळे. तौलनिक अभ्यासासाठी याहून उत्तम साहित्य मला पस्तीस वर्षांत कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळाले नाही.

एलाचा आवाज कसा आहे हे सांगायला उपमा शोधाव्या लागत नाहीत. तो स्वच्छ आहे. स्वर जेथे असायला हवा तेथे, केसभरही इकडेतिकडे नाही. शब्दोच्चार असे की इंग्रजी जेमतेम येणाऱ्याने लिहून घ्यावेत. ती चाल फारशी मोडत नाही. रचनाकाराने दिलेली वाट विश्वासाने चालते आणि मध्येच एखाद्या शब्दाला हलकेच कलाटणी देते. ती सोळा-सतरा वर्षांची असताना, आई गेल्यानंतरच्या अत्यंत हलाखीच्या दिवसांत, २१ नोव्हेंबर १९३४ रोजी हार्लेममधील अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत उभी राहिली आणि जिंकली. त्या हलाखीचा मागमूस तिच्या आवाजात नाही. काही समीक्षकांनी हाच तिचा दोष मानला आहे. दुःख भोगलेल्या माणसाच्या आवाजात ते दिसलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह. मला हा आग्रह अन्यायाचा वाटतो. आपल्या आयुष्याचे काय दाखवायचे आणि काय झाकून ठेवायचे, हे ठरविण्याचा अधिकार कलावंताचा आहे.

आणि लुई? आमच्या घरी ही मुद्रिका प्रथम वाजली तेव्हा माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, हा माणूस गातो आहे की घसा खाकरतो आहे?" प्रश्न रास्त होता. तो आवाज म्हणजे खडीवरून ओढलेली लोखंडी खाट. तान नाही, मींड नाही, रूढ अर्थाने गोडवा नाही. परंतु तो काय करतो ते बारकाईने ऐकावे. मूळ चालीत दहा स्वरांचा चढउतार असेल तर तो त्यांतले तीन-चारच ठेवतो आणि तेच पुन्हापुन्हा म्हणतो. ठेक्याच्या किंचित मागे राहतो, जणू शब्द बोलावा की बोलू नये याचा विचार करतो आहे. आणि मग दोन शब्द एकदम टाकून समेला येऊन बसतो. आपल्या बोलअंगाच्या गवयांना हे कसब ठाऊक आहे. परिणाम असा होतो की गाणे हे गाणे न राहता बोलणे होते. कोणी तरी पन्नाशी उलटलेला गृहस्थ समोरच्या बाईला काही खाजगी सांगतो आहे आणि आपण ते चोरून ऐकतो आहोत, असे वाटू लागते.

या दोन आवाजांची जोडी कागदावर कोणी सुचविली असती तर हसे झाले असते. प्रत्यक्षात काय घडले? एलाने लुईला मान दिला. ती वयाने लहान, आणि लुई हा तिच्या पिढीतल्या प्रत्येक जाझगायकाचा आद्यगुरू. गाणी कोणती घ्यायची, कोणत्या पट्टीत घ्यायची, यांत तिने त्याची सोय आधी पाहिली. या मोठेपणाचा तोटा असा की एखाद्या ठिकाणी तिचा गळा तिच्या खुलणाऱ्या पट्टीपेक्षा वेगळ्या जागी अडकतो. फायदा मात्र त्याहून मोठा. ती आक्रमक होत नाही, आपल्या विख्यात निरर्थक-अक्षरी तानांचा वर्षाव करीत नाही, आणि लुईचा खडबडीतपणा तिच्या शेजारी अधिक कोवळा वाटतो. 'चीक टू चीक'ची सुरुवात लुई करतो. नृत्यात गाल गालाला लागल्याचे सुख सांगणारे ते गाणे. एवढ्या नाजूक गोष्टीसाठी एवढा जाडाभरडा गळा! पण दोन ओळींत आपली खात्री पटते की या माणसाला हे सुख ठाऊक आहे, आणि त्याला त्याचे अजून आश्चर्य वाटते. त्याच्यामागून एला येते तेव्हा उजाडल्यासारखे वाटते.

अकरांपैकी सर्वच गाणी सारख्या योग्यतेची नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. 'अंडर अ ब्लँकेट ऑफ ब्लू' हे सामान्य गाणे आहे. गायकांनी ते निभावले, एवढेच. संथ गाण्यांची गतीही थोडी एकसारखी झाली आहे. परंतु 'मूनलाइट इन व्हर्माँट'ला माझ्या मनात स्वतंत्र स्थान आहे, आणि त्याचे कारण माझ्या व्यवसायात आहे. हे गीत १९४४ सालचे. शब्द जॉन ब्लॅकबर्न यांचे, संगीत कार्ल स्यूसडॉर्फ यांचे. प्रेमगीत आणि यमक ही जोडी इंग्रजीत काय, मराठीत काय, तुटता तुटत नाही. या गीतात यमक नाही. एकही नाही. आणि गंमत अशी की ऐकणाऱ्यांपैकी शंभरांतल्या नव्वदांना ते जाणवतच नाही. मुखड्याच्या प्रत्येक कडव्यात पाच, सात, पाच अशी अक्षरसंख्या आहे. म्हणजे तो चक्क हायकू आहे. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजविला त्याच्या कितीतरी आधी एका अमेरिकन लोकप्रिय गाण्यात तो नकळत येऊन बसला होता. चालीनेही त्याला मान दिला आहे: नेहमीच्या आठांऐवजी मुखड्याची आवर्तने सहाच आहेत.

आणि या गीतात प्रेम हा शब्दही नाही. ओढ्यातली नाणी आहेत, गळणारी पाने आहेत, बर्फाच्या उतारावरच्या वाटा आहेत, हमरस्त्याच्या कडेने गुणगुणणाऱ्या तारायंत्राच्या तारा आहेत. शरद, शिशिर, ग्रीष्म असे ऋतू भराभर पालटतात. आपल्या रसशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर सबंध गीत म्हणजे केवळ उद्दीपनविभाव आहे. आलंबन कोठे आहे, असा प्रश्न पडावा, तोच अगदी शेवटी दोन सर्वनामे येतात, तू आणि मी, आणि सारे चित्र एकदम माणसांनी भरून जाते. भरताने सांगितलेली सामग्री व्हर्माँटच्या चांदण्यात अशी बिनचूक मांडलेली पाहून मी एके काळी एम्. ए. च्या वर्गात रसचर्चेसाठी हे गीत वापरीत असे. मुलांना जगन्नाथपंडितापेक्षा ते लवकर समजे.

आता ज्या गाण्यासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येतो. 'स्टार्स फेल ऑन अलाबामा', १९३४ सालचे. नोव्हेंबर १८३३ मध्ये अमेरिकेच्या आकाशात उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला आणि अलाबामा राज्याच्या लोकस्मृतीत तो घर करून राहिला. गीतकाराने ती आठवण घेऊन एका चुंबनाच्या रात्री आकाशातून तारे सांडले अशी कल्पना केली. गाणे गोड आहे. पण ऑगस्ट १९५६ मध्ये अलाबामा म्हणजे काय होते? डिसेंबर १९५५ मध्ये त्या राज्याच्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्यातून बसवरील बहिष्कार सुरू झाला. तो ३८१ दिवस चालला, आणि ज्या दिवशी एला आणि लुई स्टुडिओत हे गाणे गात होते त्या दिवशीही माँटगोमेरीचे कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष पायी कामावर जात होते. त्याच वर्षी १० एप्रिलला त्याच राज्यात, बर्मिंगहॅम शहरी, नॅट किंग कोल हा गायक रंगमंचावर गात असताना काही गोऱ्यांनी वर चढून त्याच्यावर हल्ला केला. कोल मूळचा अलाबामाचाच, जन्माने माँटगोमेरीचा. तो गात होता तेही प्रेमगीतच.

एलाला स्वतःला याची झळ लागलेली होती. ऑक्टोबर १९५५ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे ग्रान्झने आपल्या जलशात गोऱ्याकाळ्यांना वेगळे बसविण्यास नकार दिला. पोलीस थेट कलावंतांच्या खोलीत शिरले, आणि तेथे फासे खेळले जात होते या सबबीवर एलासह काही कलावंतांना आणि खुद्द ग्रान्झला अटक झाली. लुईविषयी तर त्याच्याच समाजातले तरुण लोक उपहासाने बोलत, की हा गोऱ्यांपुढे दात काढून हसणारा जुन्या वळणाचा माणूस. त्याच माणसाने पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, लिट्ल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडविले गेले तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर जाहीर आणि जळजळीत टीका केली, आणि सरकारच्या वतीने होणारा रशियाचा दौरा नाकारला.

हे सर्व माहीत झाल्यावर पुन्हा ते गाणे ऐकले, आणि त्यात काही निषेध, काही उपरोध सापडतो का ते मी बारकाईने पाहिले. सापडत नाही. दोघेही ते सरळ, प्रसन्न मनाने गातात. अलीकडे प्रत्येक कलाकृतीत लेखकाची राजकीय भूमिका हुडकून काढण्याची रीत पडली आहे, आणि ती जेथे दिसत नाही तेथे ती दडवली आहे असे म्हणण्याचीही. मला ते पटत नाही. त्या दोघांनी त्या दिवशी प्रेमगीत गायले, कारण ते प्रेमगीत होते. मात्र एवढे म्हणता येईल: ज्या प्रदेशात त्यांना पुढच्या दाराने हॉटेलात शिरता येत नव्हते, त्या प्रदेशाच्या चांदण्यावर त्यांनी आपला हक्क सोडला नाही. प्रेमात पडण्याची, हसण्याची, पावसात अडकून आनंदित होण्याची मुभा ही सुखवस्तूंचीच मिरास आहे असे समजून जे लोक शृंगाराला पलायन म्हणतात, त्यांनी हे गाणे एकदा ऐकावे.

गोव्याचा या संगीताशी संबंध किती जुना आहे हे येथे बसलेल्या ख्रिस्ती बांधवांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली आपली माणसे मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. हळदोण्याचे आंतोनियु शाव्हिएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांना 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. ट्रम्पेट तसाच, हातात रुमाल तसाच, आवाजही तसाच. सी. रामचंद्रांच्या संगीताला त्यांचे साहाय्य असे. १९५१ च्या 'अलबेला'त तो ढंग आपण ऐकतो आणि चिक स्वतः पडद्यावर दिसतातही. अशाच एका वृद्ध वादकाने, जे मुंबईची नोकरी संपवून आमच्या शेजारी येऊन राहिले होते, मला ही मुद्रिका प्रथम ऐकविली. मला ते 'प्रोफेसर बाब' म्हणत. त्यांच्या बाल्कावांत संध्याकाळी ती वाजत असे, आणि एखाद्या जागी ते हात वर करून थांबवीत आणि म्हणत, "प्रोफेसर बाब, आतां आयक, हांगा तो कांयच करिना." येथे तो काहीच करीत नाही, ते ऐक! संगीतसमीक्षेचे यापेक्षा मार्मिक वाक्य मी कोठे वाचलेले नाही.

आणखी एक संबंध सांगतो, तो योगायोगाचा आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली आणि त्यांच्यासोबत पृथ्वीवरील निवडक आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठविली. तिच्यात लुई आर्मस्ट्राँगचे १९२७ सालचे 'मेलंकली ब्लूज' आहे, आणि आपल्या केरीच्या केसरबाईंची भैरवीही आहे. 

जे १९५६ साल अमेरिकेत या मुद्रिकेचे, ते आपल्याकडे 'गीतरामायणा'चे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर आणि फडके यांनी सुरू केलेली ५६ गीतांची ती मालिका १९५६ च्या एप्रिलात पूर्ण झाली. लोकांनी रेडिओला हार घातले. आणि कित्येक वर्षांनंतर एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात मी आधुनिक कवितेच्या प्रश्नपत्रिकेसाठी माडगूळकरांची काही गीते सुचविली, तेव्हा 'ती कविता नव्हे, ती गाणी आहेत' या एका वाक्यात प्रस्ताव निकालात निघाला. ते वाक्य उच्चारणाऱ्या विद्वानांचा मला राग नाही. परंतु या दृष्टीने आपल्या भाषेचे नुकसान केले असे मी मानतो. सीमाभागात, इंदूर-ग्वाल्हेरला, बडोद्याला, हैदराबादला आणि येथे गोव्यात, जेथे मराठीला शासनाचा भक्कम आधार नेहमीच होता असे नाही, तेथे ती घराघरांत टिकली ती समीक्षेच्या ग्रंथांमुळे नव्हे. ती अभंगाने, नाट्यपदाने, भावगीताने टिकली. बोरीचे बोरकर आपली कविता गाऊनच ऐकवीत, आणि ज्यांनी ती ऐकली त्यांना ती पुस्तकातून वेगळी पाठ करावी लागली नाही. अमेरिकेतील विद्यापीठांनी आपल्या या हलक्याफुलक्या गीतकारांचा पुढे गांभीर्याने अभ्यास केला, त्यांची गीते संपादून ग्रंथरूपाने छापली. आपल्या भावगीताचे तसे साक्षेपी संपादन अजून कितीसे झाले आहे? गीतकाराचे नाव न सांगता गाणे वाजविणे ही तर आता प्रथाच झाली आहे. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेणार असेल, तर माझ्याकडील टिपणांच्या चार वह्या मी आनंदाने देईन.

एका गाण्याविषयी बोलायचे राहिले. 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी'. गर्शविन बंधूंचे, १९३७ सालच्या 'शॅल वुई डान्स' या चित्रपटातले. संगीतकार जॉर्ज त्याच वर्षी ११ जुलैला अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. शब्द लिहिणारा थोरला भाऊ आयरा पुढे १९८३ पर्यंत जगला. या गीतात विरह आहे, पण अश्रू नाहीत. प्रियकर एक यादी करतो: तिची टोपी घालण्याची तऱ्हा, तिचे चहा पिणे, तिचे बेसूर गाणे, सुरी धरण्याची पद्धत. सौंदर्याचे एकही वर्णन नाही. विप्रलंभ शृंगारात स्मृती हा संचारी भाव येतो असे आपण शिकवितो, आणि उदाहरण म्हणून मेघदूत देतो. यक्षाच्या स्मृतीत मात्र कमळे आहेत, हंस आहेत. कोणाचे बेसूर गाणे त्यात नाही.

माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. लुईच्या आवाजाशी तिचे नंतर इतके जुळले होते की रविवारी सकाळी तीच मुद्रिका लावी, आणि भाजी चिरताना, शब्द न कळताही, त्याच्यासारखा घसा घोगरा करून गुणगुणे. अगदी बेसूर. हे गाणे मी तिच्या हयातीत शेकडो वेळा ऐकले असेल आणि वर्गात त्यावर व्याख्यानेही दिली असतील. एला ते स्वच्छ गाते, यादीतील एकेक वस्तू पुसून टेबलावर मांडावी तशी. लुई मात्र त्याच यादीत मध्येच अडखळतो, जणू पुढची गोष्ट आठवायला त्याला क्षणभर वेळ लागतो. शेजारच्या त्या वादकबाबांनी हात वर करून दाखविलेल्या ज्या जागा होत्या, त्यांतली एक ही आहे.

याच जोडीने पुढच्या वर्षी 'एला अँड लुई अगेन' ही दुसरी मुद्रिका केली, आणि तिच्यामागून मोठ्या वाद्यवृंदासह 'पोर्गी अँड बेस'. पहिलीत गाणी अधिक आहेत, दुसरीत थाट अधिक आहे. जाणकार त्यांची स्तुती करतात. मला दोन्ही किंचित भरगच्च वाटतात. चार वादक, दोन खुर्च्या आणि एक दिवस, एवढ्यात जे साधले ते अधिक साधनांनी साधले नाही. मूळ वेष्टनावरचे छायाचित्र मिळाले तर अवश्य पाहावे. दोघे शेजारीशेजारी साध्या खुर्च्यांवर बसली आहेत, तिचा झगा घरगुती, त्याचे मोजे घोट्याशी गुंडाळलेले. प्रेमगीतांच्या मुद्रिकेवर असे चित्र छापायला धैर्य लागते. लुई १९७१ साली गेला, एला १९९६ साली.

मी अधिक वेळ घेत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेचे ध्वनिक्षेपक आणि तबकडी वाजविण्याचे यंत्र येथे मांडून ठेवण्याची कृपा केली आहे, आणि माझी तबकडी मी सोबत आणली आहे. ती थोडी खरखरते, ते चालवून घ्यावे. आधी 'मूनलाइट इन व्हर्माँट' लावू, मग 'चीक टू चीक'. पंखे क्षणभर बंद करता आले तर बरे होईल.